उसना वारा

माझा भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरीला आहे. गेल्या वर्षी त्याने 2006 सालची एक जुनी फोर्ड मस्टँग मोटार विकत घेतली आणि या श्रावणात मला फोनवर विचारले, "मामा, हिला सुपरचार्जर बसवायचा म्हणतोय. इंजिनाच्या पोटातले भाग कंपनीचेच ठेवले तर टिकतील का हो?"

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. माझ्या कादंबऱ्यांतले नायकसुद्धा अजून एस. टी.च्या पलीकडे गेलेले नाहीत. तसे मी म्हटले, तर पठ्ठ्या म्हणतो, "तुम्ही इतिहास शिकवता ना? मग आजवर काय झालं तेवढं सांगा." इकडे माझी बहीण रोज विचारी, "पोराचे साठवलेले पैसे धुरात जाणार का रे?" तेव्हा मला या धुरात शिरणे भागच पडले.

इंजिन श्वास घेते तो आपल्याभोवतालच्या हवेचा. या हवेचा दाब दर चौरस इंचाला सुमारे 14.7 पौंड. सुपरचार्जर किंवा टर्बो म्हणजे जास्तीची हवा कोंबणारा पंखा. एक इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, दुसरा त्याच्याच धुराच्या जोरावर. आठ पौंड दाब वाढवला की हवा जवळजवळ दीडपट, आणि त्या मानाने पेट्रोलही जास्त जळते. पण सायकलचा पंप मारताना तो तळाशी हाताला चटका देतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. दाबलेली हवा तापते. अशा तापल्या मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपणहून पेट घेतो आणि डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. यालाच कारागीर नॉकिंग म्हणतात. पिस्टनच्या रिंगांमधल्या पातळ कडा फुटतात त्या बहुधा या ठोक्यांनी.

हे अमेरिकेला फार लवकर कळले होते. 1962 साली जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल शाखेने जेटफायर नावाची मोटार काढली. 215 घन इंचांचे ॲल्युमिनियमचे इंजिन, वर टर्बो आणि अश्वशक्तीही बरोबर 215! टर्बो लावायचा तर सिलिंडरात हवा मुळात कमी दाबायची, हा साधा हिशेब. पण ओल्ड्समोबिलच्या मंडळींनी ती सव्वादहा पटीने दाबणेच कायम ठेवले आणि ठोक्यांवर उपाय म्हणून एक बाटली बसवली. तिच्यात पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण. नाव मोठे झोकदार, 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. टर्बोचा दाब चढला की त्याचा फवारा आत जाऊन ज्वलन थंडावे. बाटली रिकामी झाली तर एक झडप टर्बोचा जोर आवळून धरी, म्हणजे इंजिन वाचे.

योजना हुशारीची होती; फक्त तीत माणूस धरला नव्हता. बाटली भरायची कोणी? घरच्या फिल्टरात पाणी ओतायचे आपण विसरतो, तसेच तिथले मालकही विसरले. मग मोटार मरगळल्यासारखी चाले आणि तक्रारी येत. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी गाड्या खपल्या, आणि 1965 साली कंपनीने टर्बो उतरवून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. त्याच कंपनीच्या शेव्हरोले शाखेने त्याच 1962 साली कॉर्व्हेअरला टर्बो लावला, पण हवा आठच पटीने दाबली. बाटली नाही, काही नाही. ती टर्बोची कॉर्व्हेअर 1966 पर्यंत मिळत होती.

पुढे 1964 च्या पाँटिॲक जीटीओपासून 'मसल कार'चा जमाना सुरू झाला. तेव्हा पेट्रोल स्वस्त होते. ताकद हवी तर सरळ 389 घन इंचांचे धूड बसवावे, वारा उसना कशाला आणावा! त्यामुळे हा प्रश्न पुष्कळ वर्षे मागे पडला.

भाच्याच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळते ते 2003 च्या मस्टँग कोब्रात. 2001 च्या कोब्राचे इंजिन 320 अश्वशक्तीचे, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचे. त्यावर सुपरचार्जर ठेवून 390 करायचे ठरले, तेव्हा फोर्डने ब्लॉक ओतीव लोखंडाचा घेतला, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड घडीव घातले आणि हवा जवळजवळ दहाऐवजी साडेआठ पटीने दाबली. ज्यांनी इंजिन घडवले त्यांचाच जुन्या हाडांवर भरवसा नव्हता!

म्हणून घडीव भागांवाचून गत्यंतर नाही, असेही नव्हे. 2012 च्या शेव्हरोले कमॅरो झेडएल-वनमध्ये सुपरचार्जरसह 580 अश्वशक्ती होती, आणि पिस्टन मात्र ओतीवच. जनरल मोटर्सनेच 2009 च्या कॉर्व्हेट झेडआर-वनला तेवढ्याच 6.2 लिटरांतून 638 काढताना घडीव पिस्टन आणि टायटॅनियमचे रॉड दिले. ओतीव भाग अमुक जोरापर्यंत साथ देतात. फक्त पेट्रोल आणि ठिणगीची वेळ चोख हवी.

भाच्याची गाडी मूळची 300 अश्वशक्तीची. पिस्टन ओतीव, रॉड धातूची पूड दाबून केलेले, आणि हवा दाबली जाते 9.8 पट. पाच-सहा पौंडांचा दाब ही इंजिने वर्षानुवर्षे सोसतात. चाकांवर साडेचारशेच्या वर गेले की रॉड वाकतात, असा तिथल्या कारागिरांचा आडाखा आहे. एक गोष्ट मला नवीन कळली: इंजिन भरधाव फिरते तेव्हा रॉड ताणला जातो तो वेगाने, वाऱ्याने नव्हे. वारा त्याला वरून दाबतो. म्हणून कमी फेऱ्यांवर एकदम जोर देणे हेच जास्त घातक.

हे सगळे मी त्याला चार पानी पत्रात लिहून कळवले. त्याने लहान दाबाची पुली घेतली आहे आणि 93 ऑक्टेनखेरीज दुसरे पेट्रोल घालत नाही. बहीण मात्र दर रविवारी फोनवर त्याला पहिला प्रश्न विचारते, "गाडी खडखडत नाही ना रे?"