अरबी समुद्रातील हम्पबॅक : एका दडविलेल्या शिकारीचा जनुकीय इतिहास

नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत संघाचे देवमासे मारणारे ताफे अंटार्क्टिकाकडे जाताना अरबी समुद्रात थांबले. ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांलगत त्यांनी हम्पबॅक देवमासे मारले. आदल्या वर्षीचे मोजके धरून ही संख्या २४२ भरते. हम्पबॅकच्या शिकारीवर तेव्हा आंतरराष्ट्रीय बंदी होती, म्हणून ही संख्या कोठेही कळविली गेली नाही. दक्षिण गोलार्धात तर त्या देशाने ४८,००० हून अधिक हम्पबॅक मारून केवळ २,७१० नोंदविले होते. अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी १९९३ मध्ये हा प्रकार उघड केला.

हे मी भिलाईच्या सिविक सेंटरजवळ बसून लिहीत आहे. या गावाचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला, आणि पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पेटली. रशियन अभियंत्यांविषयी येथे आजही आपुलकीने बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. त्याच राज्ययंत्रणेची जहाजे त्याच काळात आपल्या समुद्रात काय करीत होती, हे मात्र येथे फारसे कोणाला ठाऊक नसावे.

ताफ्यावर जीवशास्त्रज्ञही असत. त्यांपैकी युरी मिखालेव्ह यांनी मारलेल्या माद्यांच्या गर्भांची मोजमापे जपून ठेवली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. या नोंदींचे महत्त्व समजण्यासाठी थोडे कालगणित करावे लागते. हम्पबॅकचा गर्भकाळ सुमारे अकरा ते बारा महिन्यांचा असतो. दक्षिण गोलार्धातील हम्पबॅक तेथील हिवाळ्यात, म्हणजे साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये, प्रजननासाठी उष्ण कटिबंधात येतात. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये त्यांचे गर्भ अगदी लहान असायला हवेत. मिखालेव्ह यांना आढळले ते मोठे, जन्माला थोडाच अवधी उरलेले गर्भ. हे वेळापत्रक उत्तर गोलार्धाचे होते. शिवाय या प्राण्यांच्या पोटात अन्नही होते. इतर हम्पबॅक ध्रुवीय पाण्यात चरून उष्ण पाण्यात बहुधा उपाशी राहतात. हे मात्र येथेच चरत होते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्यावर खोलवरचे थंड, पोषक पाणी वर येते आणि अन्नाची सोय होते. उत्तरेला जमीन असल्याने ध्रुवाकडे जाण्याचा मार्गही नाही.

विषुववृत्तावर भिंत नाही. दक्षिणेचे हम्पबॅक उत्तरेकडे येऊ शकतात, परंतु प्रजननाचा हंगाम सुमारे सहा महिन्यांनी हुकतो. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ही दोन दोलने विरुद्ध कलेत आहेत. हा अडसर कितपत पक्का आहे, हे गर्भांच्या लांबीवरून ठरत नाही. त्यासाठी जनुकेच तपासावी लागतात.

येथे स्यूअल राइट यांचे सूत्र कामी येते. एकूण जनुकीय विविधतेचा जो वाटा गटागटांतील फरकामुळे येतो, त्याला एफएसटी म्हणतात. आदर्श स्थितीत त्याचे मूल्य १ भागिले (१ + ४ × दर पिढीतील स्थलांतरित) इतके येते. दर पिढीत एक पाहुणा आला तर ०.२, दहा आले तर सुमारे ०.०२४. यात स्थलांतरितांची संख्या तेवढी लागते, गट केवढा आहे हे वेगळे विचारावे लागत नाही. मला हे सूत्र प्रथम वाचले तेव्हा अविश्वसनीय वाटले होते. खऱ्या समुद्रात त्याची गृहीतके तंतोतंत पाळली जात नाहीत, पण मोजके पाहुणेही गटांना वेगळे होऊ देत नाहीत, हा त्याचा इशारा टिकतो.

ओमानच्या किनाऱ्यावर जिवंत देवमाशांच्या त्वचेचे छोटे नमुने घेऊन क्रिस्टिना पोमिला, हॉवर्ड रोझेनबाम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला : दक्षिण हिंदी महासागर आणि उत्तर पॅसिफिकमधील हम्पबॅकांपासून हा गट सुमारे ७०,००० वर्षे वेगळा आहे, आणि त्याची जनुकीय विविधता कमी आहे. शीर्षकात त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवले होते. तो संयम मला आवडतो. हीच पद्धत कुबड असलेल्या डॉल्फिनांना लावल्यावर त्यांच्या चार जाती ठरल्या. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर दिसणारी सूसा प्लंबिया ही त्यांतलीच एक.

आता आकडे शेजारी ठेवून पाहा. छायाचित्रांवरून ओळख पटवून २००० ते २००४ या काळासाठी ओमानमधील संख्येचा अंदाज केला गेला, तो सुमारे ८२ होता. दोन वर्षांत मारलेले याच्या जवळजवळ तिप्पट होते. बाहेरून पाहुणे येत नसतील तर ही घट भरून निघण्याचा मार्ग एकच, या गटातलाच जन्मदर. आणि मादी साधारणपणे दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू देते.

२०१७ मध्ये उपग्रह खूण लावलेली लुबान नावाची मादी ओमानहून अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली. म्हणजे आपला पश्चिम किनाराही याच छोट्या गटाच्या वावराच्या टापूत येतो.