अनुस्पंदक पोकळी

अनुस्पंदक पोकळी म्हणजे भिंतींनी पूर्णतः किंवा अंशतः वेढलेली अशी जागा, की जिच्यातील हवा अथवा विद्युतचुंबकीय क्षेत्र काही ठरावीक कंप्रतांना (वारंवारतांना) अल्प प्रेरणेनेही मोठ्या प्रमाणावर कंप पावते. या कंप्रता पोकळीचे आकारमान, तिची घडण, तिची तोंडे आणि आतील माध्यमातील तरंगवेग यांवरून ठरतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर येणारा घुमारा, मुखातून उमटणारे स्वर, सूक्ष्मतरंग भट्टी आणि कण-त्वरक या सर्वांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

पोकळी स्वतः ऊर्जा निर्माण करीत नाही. बाहेरून मिळालेल्या ऊर्जेतून ती विशिष्ट कंप्रतांची निवड करते. ‘पोकळीमुळे आवाज वाढतो’ हे विधान म्हणूनच अर्धवट आहे. तंबोऱ्याचा भोपळा आणि त्यावरील तबली तारेतील ऊर्जा हवेत अधिक वेगाने उतरवतात. त्यामुळे आवाज मोठा येतो, पण तारेचे कंपन तितक्याच लवकर ओसरते.

दोन यंत्रणा

एकाच नावाखाली दोन भिन्न यंत्रणा येतात व पाठ्यपुस्तकांत त्यांची अनेकदा सरमिसळ होते.

पहिलीत पोकळी तरंगलांबीच्या मानाने खूप लहान असते. बाटलीच्या मानेतील हवा एखाद्या वजनाप्रमाणे आत-बाहेर हलते आणि पोटातील कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे तिला मागे ढकलते. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी अशा पोकळ गोलांचा उपयोग संमिश्र ध्वनीतील घटक स्वर ओळखण्यासाठी केला आणि त्याचे विवेचन १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. गोलाचे निमुळते टोक कानाला लावले, की त्या गोलाशी जुळणारा स्वर तेवढा ठळक ऐकू येई. या रचनेस हेल्महोल्ट्झ अनुस्पंदक म्हणतात.

याची कंप्रता काढण्यासाठी मानेच्या छेदाच्या क्षेत्रफळाला पोटाचे घनफळ व मानेची परिणामी लांबी यांच्या गुणाकाराने भागतात, आलेल्या संख्येचे वर्गमूळ घेऊन त्यास ध्वनिवेगाने गुणतात आणि शेवटी ६.२८ ने भागतात. १ लिटरची बाटली, ३ चौ. सेंमी. छेदाची मान, तिची परिणामी लांबी ७ सेंमी. आणि ध्वनिवेग सेकंदाला ३४० मी. घेतल्यास उत्तर सुमारे ११२ हर्ट्झ येते. या स्वराची तरंगलांबी ३ मी. आहे, म्हणजे बाटलीच्या उंचीच्या कितीतरी पट. बाटली पाण्याने अर्धी भरली, की हवेचे घनफळ निम्मे होऊन कंप्रता सुमारे १५८ हर्ट्झवर जाते. पोटाचा आकार गोल आहे की चौकोनी, याने फारसा फरक पडत नाही.

दुसऱ्या यंत्रणेत पोकळीची लांबी तरंगलांबीशी तुलनीय असते. तरंग टोकांवरून परावर्तित होऊन स्थिर तरंग तयार होतात. दोन्ही टोके उघडी असलेल्या नळीत अर्धी तरंगलांबी बसते. एक टोक बंद असल्यास पाव तरंगलांबी पुरते. येथे आकार निर्णायक ठरतो आणि एकाच पोकळीला अनेक अनुस्पंदन कंप्रता असतात.

मानवी वाणी

स्वरयंत्रातील स्वरतंतू जो ध्वनी निर्माण करतात तो केवळ गुणगुणाट असतो. त्यात ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ असा भेद नसतो. तो भेद ग्रसनी आणि मुखविवर यांच्या पोकळीत घडतो. प्रौढ पुरुषात स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतचा मार्ग सुमारे १७ सेंमी. असतो. त्यास स्वरतंतूंकडे बंद व ओठांकडे उघडी अशी एकसारख्या जाडीची नळी मानल्यास पाव तरंगलांबीच्या नियमाने ५००, १,५०० व २,५०० हर्ट्झ अशी अनुस्पंदने मिळतात. प्रत्यक्षात जीभ, जबडा व ओठ ही नळी कुठे आवळतात, तर कुठे रुंदावतात आणि त्यानुसार ही अनुस्पंदने सरकतात. त्यांना फॉर्मंट म्हणतात. ‘आ’ उच्चारताना पहिला फॉर्मंट वर जातो. ‘ई’ उच्चारताना पहिला खाली येऊन दुसरा २,००० हर्ट्झच्या पलीकडे जातो. स्वर ओळखण्यास मुख्यत्वे या दोहोंमधील संबंध उपयोगी पडतो.

कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, तरीही स्वर ओळखू येतात, हा या सिद्धांताचा सोपा पुरावा होय. हेलियम वायू छातीत भरून बोलणाऱ्याचा आवाज चिरका वाटतो, तोही पोकळीमुळेच: हेलियममध्ये ध्वनिवेग हवेतील वेगाच्या जवळपास तिप्पट असल्याने फॉर्मंट वर सरकतात, स्वरतंतूंची कंप्रता मात्र फारशी बदलत नाही. स्रोत व गाळणी असे वाणीचे दोन भाग करणारा हा सिद्धांत गुन्नार फांट यांच्या १९६० च्या ग्रंथामुळे रूढ झाला.

म, न, ण, ङ यांच्या उच्चारात मृदू तालू खाली येऊन नासाविवर जोडले जाते. येथे ओठांशी किंवा जिभेपाशी बंद झालेले मुखविवर आडफाट्यासारखे वागते व काही कंप्रता शोषून घेते, म्हणजे पोकळी येथे वजाबाकीही करते. सर्दीने नाक चोंदले, की ‘मामा’ हा शब्द ‘बाबा’कडे झुकतो. गाताना कपाळात वा गालांच्या हाडांत जाणवणारे कंपन मात्र तेथील अस्थिविवरे आवाज मोठा करीत असल्याचा पुरावा नव्हे. त्या विवरांची तोंडे अतिशय अरुंद असतात.

कर्णनलिका

बाह्य कर्णनलिका सुमारे २.५ सेंमी. लांब असून आतल्या टोकास कर्णपटलाने बंद असते. वरील नियमाने तिचे अनुस्पंदन ३,४०० हर्ट्झच्या आसपास येते आणि मानवी कान साधारण याच पट्ट्यात सर्वाधिक संवेदनक्षम असतो. याची दुसरी बाजू अशी, की कारखान्यातील गोंगाटाने येणारा बहिरेपणा बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. नलिकेचे अनुस्पंदन हे त्याचे एक कारण मानले जाते. नेहमीचे संभाषण सुरुवातीला बरेचसे समजत राहते, त्यामुळे ही हानी उशिरा ध्यानात येते.

सूक्ष्मतरंग पोकळ्या

धातूच्या बंद डब्यात रेडिओ तरंगही याच रीतीने कोंडता येतात. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल व हॅरी बूट यांनी फेब्रुवारी १९४० मध्ये तांब्याच्या ठोकळ्यात पोकळ्या कोरलेला मॅग्नेट्रॉन चालवून दाखविला. त्यातून सुमारे १० सेंमी. तरंगलांबीचे शक्तिशाली तरंग मिळाले आणि विमानात बसविण्याइतके लहान रडार शक्य झाले. यातील प्रत्येक पोकळी म्हणजे एक गोल छिद्र व त्यास जोडलेली अरुंद फट असते. फट विद्युतधारित्राचे व छिद्र प्रवर्तकाचे काम करते. अर्थात हे हेल्महोल्ट्झच्या बाटलीचेच विद्युत रूप आहे.

घरगुती सूक्ष्मतरंग भट्टी २,४५० मेगाहर्ट्झवर चालते. तरंगलांबी १२ सेंमी. असल्याने भट्टीचा डबा दुसऱ्या प्रकारची पोकळी ठरतो व आत सुमारे ६ सेंमी. अंतराने तप्त जागा निर्माण होतात. फिरती तबकडी काढून पापड ठेवल्यास तो ठिपक्याठिपक्यांनी भाजतो. ही कंप्रता पाण्याच्या रेणूचे अनुस्पंदन आहे, हा समज सर्वत्र आढळतो, परंतु तो चुकीचा आहे. द्रव पाणी अतिशय विस्तृत पट्ट्यात सूक्ष्मतरंग शोषते आणि ते शोषण याहून बऱ्याच उच्च कंप्रतेला कमाल असते.

पोकळी ऊर्जा किती काळ टिकवते, याचे माप म्हणजे गुणवत्तांक. तांब्याच्या पोकळीत तो काही हजारांच्या घरात असतो. अतिसंवाहक नायोबियमच्या पोकळीत तो १ अब्जाच्याही पलीकडे जातो. म्हणूनच आधुनिक कण-त्वरकांत अशा पोकळ्या द्रवरूप हेलियमने थंड ठेवून वापरतात. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातील रेषीय त्वरकात तांब्यावर शिशाचा थर दिलेले, पाव तरंगलांबीचे अनुस्पंदक आहेत व ते १५० मेगाहर्ट्झवर चालतात.

प्रकाशीय पोकळी

समोरासमोरील दोन आरशांमधील जागा ही प्रकाशाची अनुस्पंदक पोकळी होय. लेसरचा ती अविभाज्य भाग आहे. गुरुत्वीय तरंगांचा शोध घेणाऱ्या अमेरिकेतील लायगो वेधशाळेच्या भुजा ४ किमी. लांबीच्या अशाच पोकळ्या असून त्यांत प्रकाश सुमारे ३०० फेऱ्या करतो. हिंगोली जिल्ह्यात नियोजित असलेल्या लायगो-इंडियाची रचनाही हीच आहे.

पृथ्वी आणि आयनांबर

पृथ्वीचा पृष्ठभाग व आयनांबर यांमधील गोलाकार जागा ही सर्वांत विशाल पोकळ्यांपैकी एक. तिच्या अनुस्पंदनांचे भाकीत व्हिन्फ्रीड ओटो शूमान यांनी १९५२ मध्ये केले. ऊर्जाक्षय नसलेल्या आदर्श पोकळीसाठी पहिली कंप्रता १०.६ हर्ट्झ येते. आयनांबर परिपूर्ण वाहक नसल्याने प्रत्यक्षात ती सुमारे ७.८ हर्ट्झ आढळते. तिला जागती ठेवणारी प्रेरणा जगभर सतत कोसळणाऱ्या विजांपासून मिळते, त्यामुळे या कंपनांच्या मोजमापावरून संपूर्ण पृथ्वीवरील विजांच्या एकूण घडामोडीचा अंदाज घेता येतो.