कागदावरचे कोटी

आकडे गोळा करावे, ते परस्परांशी ताडून पाहावे आणि धंद्याची खरी स्थिती मालकास सांगावी, एवढ्याच कामासाठी हल्ली मोठमोठ्या पेढ्यांत स्वतंत्र मनुष्य नेमण्यात येतो. त्यास बिझनेस इंटेलिजन्स ॲनालिस्ट असे लांबलचक नाव आहे. नाव नवे असले तरी काम जुने आहे, आणि त्याचा एक उत्कृष्ट दाखला पडेगावच्या परिसरातच सापडतो. छत्रपती संभाजीनगराहून दौलताबादेस जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. मलिक अंबराने 1610 मध्ये वसविलेली खडकी एका अंगास आणि यादवांचा देवगिरी दुसऱ्या अंगास.

1652 मध्ये शहाजहानाने औरंगजेबास दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार नेमिले, तेव्हा दफ्तरातील चित्र मोठे वैभवाचे होते. दक्षिणेतील चार सुभ्यांची जमा तीन कोटी बासष्ट लक्ष रुपये! परंतु त्या वर्षी प्रत्यक्ष हाती आलेला वसूल जेमतेम एक कोटीचा. दिल्लीतील कारकुनांनी ठरविलेली बेरीज कायम राहिली होती; 1630 ते 1632 च्या भीषण दुष्काळाने आणि सततच्या स्वाऱ्यांनी ओसाड पडलेली गावे मात्र त्या बेरजेतून वजा झाली नव्हती. जहागिरीच्या उत्पन्नावर ज्यांचे वेतन अवलंबून, त्या सरदारांस बारा महिन्यांऐवजी चार-पाच महिन्यांचेच वेतन पदरी पडे. मग सरदाराने घोडी कशी पोसावी? शहजादा आपली अडचण पित्यास लिहून कळवी, आणि पित्यास त्याच्या लिहिण्याचा संशय येई. ज्याने खरा आकडा सांगावा त्यासच नालायक ठरविण्याची ही रीत पुष्कळ जुनी दिसते.

ह्या घोळात मुर्शिदकुलीखान नामक खुरासानी गृहस्थ दिवाण म्हणून आला. आरंभी त्याजकडे बालाघाट होता, 1656 मध्ये सबंध दक्षिणेची दिवाणी त्यास मिळाली. जुन्या बेरजेवर नवी बेरीज रचीत तो कचेरीत बसला नाही. जमीन मोजविली, शेतजमीन आणि खडकाळ माळ वेगळे नोंदविले, नांगर मोजविले. मोजणीची दोरी पुष्कळदा तो स्वतः धरी, असे सांगतात. मोजणारा लाच खाऊन दोरी सैल सोडतो, हे त्यास पक्के ठाऊक असावे. जेथे मुकादम उरला नव्हता तेथे नवा नेमिला. निर्धन कुणब्यास बी-बियाणे व बैल घेण्यासाठी तगाई दिली.

त्याच्या आकारणीतील बारकावा विशेष पाहण्यासारखा आहे. पावसावरच्या पिकात सरकारचा वाटा निम्मा, विहिरीच्या पाण्यावरील धान्यात एकतृतीयांश. ऊस, द्राक्षे इत्यादींत नवव्या हिश्शापासून चौथ्या हिश्शापर्यंत. पाणी देण्यास पडणारे श्रम व खर्च आणि पीक तयार होण्यास लागणारा काळ पाहून हा वाटा ठरे. निम्मा वाटा सौम्य होता असे कोणी म्हणणार नाही. तरी जे शेतात उभे आहे त्यावर तो घेतला जाई, कागदावरच्या पिकावर नव्हे, आणि उजाड झालेल्या प्रदेशात कुणब्याच्या दृष्टीने हा भेद लहान नव्हता. जेथे मोजणी चालण्यासारखी नव्हती तेथे नांगरामागे ठोक आकारणीची जुनी वहिवाट त्याने राहू दिली. एकच पद्धत सर्वत्र लादण्याचा मोह त्यास झाला नाही, हा त्याचा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

1658 मध्ये गादीसाठी झालेल्या धर्मतच्या लढाईत औरंगजेबाच्या बाजूने लढताना खान ठार झाला. त्याची पद्धत पुढेही दक्षिणेत मुर्शिदकुलीखानाचा धारा ह्या नावाने ओळखली जात होती.