न झालेलें वादळ आणि विसरलेलीं वादळें



मुंबईच्या इतिहासांत एका भयंकर वादळाची गोष्ट सांगण्यांत येते. ६ जून १८८२ रोजीं अरबी समुद्रांतून आलेल्या चक्रीवादळानें शहरावर झडप घातली, समुद्र वस्तींत शिरला आणि एक लाख माणसें प्राणांस मुकलीं, अशी ती गोष्ट आहे. जगांतील मोठ्या नैसर्गिक संकटांच्या कित्येक याद्यांत तिला स्थान मिळालेलें आहे. एक लाख हा आंकडा वाचला म्हणजे मन सुन्न होतें. परंतु या गोष्टीसंबंधीं सांगण्यासारखी मुख्य बाब ही, कीं असें वादळ झालेंच नाहीं.

हें कशावरून, असें आपण विचाराल. त्याचें उत्तर मुंबईच्या कागदपत्रांतच मिळतें. १८८१ सालच्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ भरली होती. १८९१ सालीं ती ८,२१,७६४ झाली. पहिल्या मोजणीनंतर वर्षदीड वर्षांतच एक लाख माणसें दगावलीं असतीं, तर दर आठ माणसांमागें एक माणूस नाहींसा झाला असता. एवढा खड्डा दहा वर्षांत कोणाच्या ध्यानांतहि न येतां भरून निघावा, हें संभवत नाहीं.

दुसरी साक्ष महाराष्ट्रास अधिक परिचयाची आहे. कोल्हापूर प्रकरणांतील बदनामीच्या खटल्यांत टिळक आणि आगरकर यांना मुंबईच्या हायकोर्टानें शिक्षा दिली, ती याच १८८२ सालच्या जुलै महिन्यांत. त्यानंतर डोंगरीच्या तुरुंगांत काढलेल्या १०१ दिवसांवर आगरकरांनीं पुस्तकच लिहिलें. ज्या शहरांतील लाखभर प्रेतांना नुकताच अग्नि द्यावा लागला, त्या शहरांत सहा आठवड्यांच्या आंत हायकोर्टाचीं कामें यथासांग चालूं शकतील काय? अलीकडे अभ्यासकांनीं त्या वेळचीं वृत्तपत्रेंहि चाळून पाहिलीं. जूनच्या आरंभीं जोराचा वारा सुटला व पाऊस पडला, एवढी लहानशी बातमी त्यांत सांपडली. मनुष्यहानीचा उल्लेख सांपडला नाहीं. कादंबरीकार अमिताव घोष यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत हा शोध नमूद करून हें वादळ म्हणजे एक दंतकथा होय, असा निर्वाळा दिला आहे.

खरें वादळ कधींहि असें निमूटपणें निघून जात नाहीं. त्याच्या सहा वर्षांनंतरचेंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर १८८८ मध्यें ‘वैतरणा’ नांवाची आगबोट कच्छांतील मांडवी बंदरांतून मुंबईस यावयास निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्यापाशीं वादळानें तिला गांठलें आणि सातशेंहून अधिक माणसांसह ती नाहींशी झाली. एक फळकूटसुद्धां हातीं लागलें नाहीं. बोटीवर लग्नाचीं वऱ्हाडें होतीं, मुंबईस मॅट्रिकच्या परीक्षेसाठीं निघालेले विद्यार्थी होते, असें सांगतात. या अपघाताची सरकारी चौकशी झाली, वृत्तपत्रांचे रकाने भरले, आणि गुजरातच्या किनाऱ्यावर कप्तान हाजी कासमच्या वीजळीचीं गाणीं पिढ्यान् पिढ्या गाइलीं गेलीं. सातशें माणसांमागें एवढ्या खुणा राहिल्या; मग लाख माणसांमागें एकहि राहूं नये?

आंकडे फुगण्याचा हा प्रकार केवळ मुंबईपुरता आहे असें नाहीं. १७३७ सालच्या ऑक्टोबरांत हुगळीच्या मुखाशीं मोठें वादळ झालें. त्यांत तीन लाख लोक मेले, असें विलायतेंतील मासिकांत छापून आलें, आणि पुढील अडीचशें वर्षें तोच आंकडा ग्रंथांतून उतरवला गेला. वास्तविक त्या काळीं कलकत्त्याची सारी वस्तीहि तीन लाख नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत शहरांतील मृतांची संख्या सुमारें तीन हजार दिलेली आहे. वादळ खरें होतें, दुःखहि खरें होतें. परंतु सांगणाऱ्यांच्या तोंडीं ते शंभरपट झालें.

आतां कोणी म्हणेल, एखादी खोटी गोष्ट इतिहासांत राहिली तर बिघडलें काय? बिघडतें तें असें. खोटें वादळ एकदां उघडकीस आलें, कीं ‘मुंबईला वादळाचें भय नाहीं; वादळें म्हणजे बंगालच्या उपसागराची बाब’ या जुन्या समजुतीस बळ मिळतें. ही समजूत त्या दंतकथेहून अधिक घातक आहे. कारण न झालेल्या वादळाची आठवण ठेवणाऱ्या आपणांस झालेल्या वादळांचा मात्र विसर पडला आहे.

१६१८ सालच्या मे महिन्यांत वसईवर वादळ आलें. तेव्हां वसई पोर्तुगीजांकडे होती. वाऱ्यानें समुद्र गांवांत आणला, प्रार्थनामंदिरांचे माथे उडाले आणि दोन हजार माणसें मेलीं, असा जुना वृत्तान्त आहे. हा आंकडाहि पारखूनच घ्यावयास हवा. पण वादळाबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. पुढें १८५४ सालच्या नोव्हेंबरांत मुंबईवर वादळ कोसळलें, आणि त्यानें अवघ्या चार तासांत पांच लक्ष पौंडांच्या मालमत्तेचा नाश केला व सुमारें एक हजार माणसांचा बळी घेतला, असें मुंबईच्या गॅझेटियरमध्यें लिहून ठेविलें आहे. स्वातंत्र्यानंतर वर्षभरानें, नोव्हेंबर १९४८ मध्यें, पुन्हा एका वादळानें शहराला तडाखा दिला आणि तेथील व्यवहार थंडावले. आज मुंबईंतील किती घरांत या वादळांचीं वर्षें सांगतां येतील?

मनुष्याची स्मृति अशी दोन्ही बाजूंनीं फसवते. कधीं ती नसलेलें जोडते, कधीं असलेलें पुसते. यावर उपाय एकच, आणि तो व्यापाऱ्यांच्या पेढीवर फार पूर्वींपासून चालत आलेला आहे: रोजच्या रोज नोंद. हवेची अशी रोजकीर्द मुंबईंत ज्या ठिकाणीं प्रथम लिहिली गेली, तें ठिकाण म्हणजे कुलाब्याची वेधशाळा होय. १८२६ सालीं कंपनी सरकारनें ती स्थापन केली, ती मुख्यतः ताऱ्यांच्या वेधासाठीं व जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. १८४१ पासून तेथें चुंबकत्व व हवामान यांचीं निरीक्षणें होऊं लागलीं. या कामाशीं दोन थोर महाराष्ट्रीयांचा संबंध आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर हे कांहीं काळ या वेधशाळेचें काम पाहत असत, आणि पुढें टिळकांसारख्या शिष्यांना गणित शिकविणारे केरूनाना छत्रे ऐन पोरवयांत तेथें नोकरीस लागले. मराठींतील पहिल्या वृत्तपत्राचा जनक वायुभार आणि उष्णतामान यांच्या नोंदींत लक्ष घालीत होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१८८२ सालीं या वेधशाळेवर चार्ल्स चेंबर्स हे प्रमुख होते. १८६५ पासून ते त्या जागीं होते, आणि १८७८ सालीं मुंबई इलाख्याच्या हवामानावर त्यांनीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. वायुभारमापकांतील पाऱ्याच्या लहानसहान चढउताराकडे डोळे लावून बसलेल्या या माणसाच्या दारावरून इतकें प्रचंड वादळ गेलें आणि त्याला तें दिसलें नाहीं, असें म्हणणें धाडसाचें होईल.

वादळासंबंधीं जो अनुभव, तोच उष्णतामानासंबंधींहि येतो. ‘असा उकाडा जन्मांत पाहिला नाहीं’ हें वाक्य आपण दर वर्षीं उच्चारतों. मे महिना हा मुंबईंतील सर्वांत कडक उन्हाचा, असा आपला समज आहे. पण सांताक्रूझ येथील नोंदी पाहिल्या तर निराळेंच दिसतें. तेथें १४ एप्रिल १९५२ रोजीं पारा ४२.२ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता, आणि २८ मार्च १९५६ रोजीं ४१.७ अंशांवर गेला होता. उलट मे महिन्यांतील दुपारचें सरासरी उष्णतामान तेहतीस-चौतीस अंशांच्या आसपासच असतें. याचें कारण समुद्राचा वारा. तो रोज सकाळीं दहा-अकराच्या सुमारास सुटून शहर निववतो. मार्चमध्यें कांहीं दिवस पूर्वेकडून, देशावरून, कोरडा वारा वाहतो व समुद्राच्या वाऱ्याला दुपारपर्यंत थोपवून धरतो. तेवढ्या दोन-तीन तासांत शहर भाजून निघतें. मे महिन्यांत जो त्रास होतो तो मुख्यतः दमट हवेचा. शरीर त्याला उष्णता म्हणतें, पारा म्हणत नाहीं. आणि याच सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्यें उत्तरेच्या वाऱ्यानें पारा ७.४ अंशांपर्यंत उतरविला होता, हें आज किती जणांना खरें वाटेल?

मात्र एकाच ठिकाणची नोंद पुरेशी होत नाहीं, हेंहि अनुभवानें शिकविलें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशीं त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यास, तो शंभर मिलीमीटरहि भरला नाहीं. तें समुद्रावरील चक्रीवादळ नव्हतें. पण कुलाब्याची एकटी वही असती, तर त्या दिवशींच्या प्रलयाचा पत्ता तिला लागला नसता.

आतां प्रश्न असा, कीं मुंबईवर वादळें विरळा कां येतात, आणि पुढेंहि तीं विरळाच राहतील काय? वादळाला पोसण्यास समुद्राचें पाणी सुमारें साडेसव्वीस अंशांहून अधिक उष्ण लागतें, आणि वरच्या व खालच्या वाऱ्यांत फारशी तफावत असून चालत नाहीं. ऐन पावसाळ्यांत ही तफावत फार मोठी असते. म्हणून अरबी समुद्रांत वादळाचे हंगाम दोनच, पावसाळ्याच्या तोंडीं मे-जून व पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. मघाशीं सांगितलेल्या खऱ्या वादळांचे महिने आठवून पाहा: मे, नोव्हेंबर, नोव्हेंबर आणि नोव्हेंबर. त्या समुद्रांत उठलेलीं वादळें पुष्कळदां पश्चिमेकडे अरबस्तानास जातात किंवा उत्तरेस वळून गुजरातेस भिडतात. मुंबईचें आजवरचें दैव हें या वळणावर अवलंबून आहे. त्याला अभय म्हणतां येत नाहीं.

शिवाय हा समुद्र तापत चालला आहे. २०१९ सालीं अरबी समुद्रांत पांच चक्रीवादळें झालीं. एका वर्षांत पांच, ही संख्या त्यापूर्वीं १९०२ सालींच नोंदली गेली होती. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागलें. मुंबई थोडक्यांत बचावली. पण श्रीवर्धन-दापोलीकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हातीं येण्यास सहा-सात वर्षें लागतात. तेव्हां त्या एका दुपारचें नुकसान एका दुपारचें नव्हतें. पुढच्याच वर्षीं, १७ मे २०२१ रोजीं, ‘तौक्ते’ वादळ मुंबईसमोरून गुजरातेकडे गेलें. त्या दिवशीं कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशीं ११४ किलोमीटर नोंदला गेला, आणि मुंबईपासून दूर तेलविहिरींच्या क्षेत्रांत एक तराफा बुडून त्यावरील व सोबतच्या लहान बोटीवरील मिळून सत्तरहून अधिक माणसें दगावलीं. वादळ येणार ही सूचना आधीं मिळालेली होती. सूचना देणारें शास्त्र पुढें गेलें. सूचना ऐकण्याची संवय मात्र अद्यापि मागें आहे.

या संवयीचें मूळ आपल्या स्मृतींत आहे. ज्याला १८५४ आणि १९४८ ठाऊक आहे, तो बंदरावर धोक्याचा बावटा चढल्यावर हंसणार नाहीं. ज्याला फक्त १८८२ ची दंतकथा ठाऊक आहे, तो ती खोटी ठरतांच निर्धास्त होईल. म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आपल्या घरांतील वडील माणसांना त्यांनीं पाहिलेल्या वादळाची, पुराची, कडाक्याच्या थंडीची हकीकत विचारा, ती तारीखवार लिहून ठेवा, आणि मग ती वेधशाळेच्या नोंदीशीं ताडून पाहा. आजोबांच्या हकीकतींत थोडी अतिशयोक्ति निघेल. वेधशाळेच्या वहींत आजोबांनीं पाहिलेली उडालेलीं कौलें व पाण्यांत उभी राहिलेली आजी सांपडणार नाहीं. दोन्ही एकत्र आलीं म्हणजेच किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाच्या उपयोगीं पडणारा इतिहास तयार होतो.