सिकलसेल : रक्तातला आजार आणि सोयरिकीतला प्रश्न

नागपूर : धान रोवणीच्या दिवसांत हातपाय ठणकतात, अंग पिवळं पडतं, थोडं चाललं की दम लागतो. घरचे म्हणतात, 'पोराच्या अंगात रक्तच नाही.' कधी वाताचं दुखणं म्हणून तेल चोळलं जातं, कधी कावीळ म्हणून झाडपाला दिला जातो. रामटेक, पारशिवनी, भिवापूर, कुही, उमरेड अशा तालुक्यांत या दुखण्यामागे अनेकदा सिकलसेल असतो. विदर्भाला हा आजार नवा नाही. पण त्याबद्दलचे गैरसमज अजून गेलेले नाहीत.

आजार म्हणजे नेमकं काय?

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचवतं. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकात एक छोटा बदल असतो. त्यामुळे प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि कडक होतात. इंग्रजीत 'सिकल' म्हणजे विळा, त्यावरूनच हे नाव पडलं.

वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे असह्य कळा येतात. साधी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, विळ्यासारखी पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून रक्त सतत कमी पडतं आणि डोळे पिवळे दिसतात. हळूहळू पांथरी, फुप्फुस, मूत्रपिंड, खुब्याचं हाड आणि मेंदू यांनाही इजा होऊ शकते.

'एएस' आणि 'एसएस' मधला फरक

गावात लोक 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' असं सर्रास बोलतात, पण दोन्हीत गल्लत करतात. एएस म्हणजे वाहक. त्याला आईकडून किंवा वडिलांकडून एकच बदललेलं जनुक मिळालेलं असतं. तो सहसा धडधाकट असतो, शेतीपासून नोकरीपर्यंत सगळं करू शकतो, त्याला औषधाची गरज नसते. एसएस म्हणजे रुग्ण. त्याला दोन्हीकडून बदललेलं जनुक आलेलं असतं.

सोयरीक जुळवताना हिशेब असा :

• दोघंही एएस : प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के, एएस होण्याची 50 टक्के आणि निरोगी होण्याची 25 टक्के.
• एक एएस, दुसरा निरोगी : एकही मूल एसएस होत नाही. एएस होण्याची शक्यता 50 टक्के.
• एक एसएस, दुसरा निरोगी : सगळी मुलं एएस, रुग्ण कोणीच नाही.
• एक एसएस, दुसरा एएस : मूल एसएस होण्याची शक्यता 50 टक्के.

'पहिलं पोरगं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली होतील' हा समज चुकीचा आहे. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच असते.

इतिहास काय सांगतो?

वैद्यकशास्त्रात या आजाराची पहिली नोंद 1910 मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी केली. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो आढळला. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची माहिती 'लॅन्सेट'मध्ये मांडली आणि नागपूर या आजाराच्या नकाशावर आलं.

हा आजार इथेच एवढा का? त्याचं उत्तर मलेरियात आहे. वाहक माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. जंगल आणि डासांच्या या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या वाहक जास्त जगले आणि जनुक टिकून राहिलं. त्यात लग्नं जातीतच, जवळच्या गावांतच होत गेली. गोंड आणि इतर आदिवासी समाज, पूर्वाश्रमीचा महार म्हणजे आजचा बौद्ध समाज यांच्यात प्रमाण जास्त दिसतं. पण तेली, कुणबी आणि इतर समाजांतही हे जनुक सापडतं. 'हा अमक्या लोकांचा आजार' असं म्हणून हात झटकण्यात अर्थ नाही.

गुजरातच्या आदिवासींच्या तुलनेत विदर्भातल्या अनेक रुग्णांमध्ये आजार अधिक तीव्र असल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. म्हणून 'भारतातला सिकलसेल सौम्य असतो' यावर इथे विसंबून चालत नाही.

तपासणी आणि उपचार

प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी ही साधी चाचणी होते. ती फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते, एएस की एसएस हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी लागते. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नये आणि दुसरी टाळूही नये. सहा महिन्यांखालच्या बाळात सोल्युबिलिटीवर भरवसा ठेवता येत नाही.

उपचारात फॉलिक ॲसिडची गोळी, वेळेवर लसीकरण, लहान मुलांना पेनिसिलिन आणि गरजेनुसार हायड्रॉक्सीयुरिया येतं. हायड्रॉक्सीयुरियाच्या कमी मात्रेनेही मुलांचा त्रास बराच घटतो, हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या अभ्यासाने दाखवलं. मात्र हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीत, रक्त तपासतच घ्यायचं असतं. रक्त कमी आहे म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

रोजची काळजी साधी आहे. भरपूर पाणी प्यावं, मे महिन्याच्या उन्हात आणि कडाक्याच्या थंडीत जपावं, अंगमेहनत झेपेल तेवढीच करावी. ताप, छातीत दुखणं, दम लागणं, पोट अचानक फुगणं, हातपाय लुळे पडणं किंवा बोलणं अडखळणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

सरकारी पातळीवर

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. त्यामुळे रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के अपंगत्वाची अट आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी चंद्रपूरच्या हिमोग्लोबिन विकार संशोधन केंद्राचं लोकार्पण झालं. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट आहे.

खरी अडचण बैठकीत

चाचणी झाली, कार्ड मिळालं, तरी ते अनेक घरांत पेटीच्या तळाशी जातं. मुलीचं लग्न मोडेल ही भीती. लपवलेलं कार्ड पुढे बाळाच्या आजारपणात बाहेर येतं आणि दोष एकट्या सुनेवर टाकला जातो. खरं तर एसएस मुलाला जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलेलं असतं. त्यात कोणाचाच गुन्हा नाही.

वाहक असणं म्हणजे लग्नाला अपात्र असणं नव्हे. दोघांचे रिपोर्ट समोर असले तर निर्णय समजून घेता येतो. दोघंही वाहक असून लग्न झालं असेल तर गर्भारपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावं. गर्भाची तपासणी साधारण 10 ते 12 आठवड्यांपासून करता येते. कुंडलीआधी कार्ड बघण्याची रीत गावात रुळली, तर पुढच्या पिढीतली किती तरी दुखणी टळतील. त्यासाठी आशाताईंकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात एकदा रक्त तपासून घेणं ही पहिली पायरी आहे.