फॅब्रिशियसची पिशवी आणि पक्ष्यांतील श्लेष्मल प्रतिपिंडे : एक ऐतिहासिक आढावा

पक्ष्यांच्या आतड्यात, श्वासनलिकेत व डोळ्यांत स्रवणाऱ्या प्रतिपिंडांचा इतिहास एका चुकीच्या तर्कापासून सुरू होतो. पदुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने कोंबडीच्या अवस्करात उघडणाऱ्या एका लहान पिशवीचे वर्णन केले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या पिशवीत नराचे वीर्य साठत असावे, असे त्याचे मत होते. हे मत टिकले नाही. पिशवीला त्याचे नाव मात्र चिकटले, आणि तिचे खरे कार्य तीनशेहून अधिक वर्षे अज्ञातच राहिले.

ते उलगडले एका फसलेल्या प्रात्यक्षिकामुळे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने पिल्लांची ही पिशवी काढून पाहिली होती. टिमोथी चँग या त्याच्या सहाध्यायाला साल्मोनेलाविरोधी प्रतिपिंडे वर्गात दाखवायची होती. त्याने ग्लिकच्याच कोंबड्या मागून घेतल्या. काहींच्या रक्तात प्रतिपिंडे आढळलीच नाहीत. नोंदी पडताळता त्या पिशवी काढलेल्या कोंबड्या निघाल्या. अपयशी प्रात्यक्षिक विसरून जाण्याकडेच शिक्षकाचा कल असतो. येथे तसे घडले नाही, हे विशेष. 'सायन्स'ने हा लेख नाकारला. अखेर १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला आणि वैद्यक संशोधकांच्या नजरेआड काही काळ पडून राहिला. कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात मूलभूत जीवशास्त्र असू शकते, ही कल्पनाच तेव्हा मान्य नसावी.

१९६५ मध्ये मॅक्स कूपर, रेमंड पीटरसन व रॉबर्ट गुड यांनी पिशवी आणि थायमस यांवर अवलंबून असणाऱ्या दोन स्वतंत्र प्रतिकारयंत्रणा दाखवून दिल्या. बी-पेशींतील 'बी' हे अक्षर या पिशवीच्या लॅटिन नावातील 'बर्सा'चे आहे. अस्थिमज्जेच्या इंग्रजी नावाचे नव्हे, जसे वर्गात पुष्कळदा सांगितले जाते.

श्लेष्मल प्रतिपिंडांचा उलगडा त्यानंतर झाला. सस्तन प्राण्यांतील आयजीएशी जुळणारे प्रतिपिंड कोंबडीत असल्याचे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. पित्तात ते विपुल असते. डोळ्यामागील हार्डर ग्रंथीतही प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींची दाटी असते. राणीखेत रोगाची लस डोळ्यात थेंब टाकून देण्यामागे हाच आधार आहे. मात्र या पेशींचा उगम त्याच पिशवीत आहे. गंबोरो रोगाचा विषाणू कोवळ्या पिल्लांची पिशवी उद्ध्वस्त करतो, तेव्हा नंतर दिलेल्या इतर लसींनाही पुरेसा प्रतिसाद मिळत नाही.