साथरोग आणि दाट शहरवस्ती (मुंबई)

साथीमुळे दाट वस्तीच्या शहराची घडण कशी बदलते आणि पुढे कशी बदलू शकेल, हे पाहण्यासाठी मुंबई हे ठळक उदाहरण आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. घबराटीने लाखो लोक गावी गेले. पाठोपाठ 1897 चा साथरोग कायदा आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. समुद्राचा वारा शहरात खेळावा म्हणून ट्रस्टने दाट मोहल्ले पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे रुंद रस्ते काढले. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही त्याच्याच. मात्र सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या थोड्या होत्या. बेघर कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली गर्दी वाढली.

प्लेग पसरतो तो उंदरांवरील पिसवांमुळे. हवा-उजेडाच्या अभावाने नव्हे. तरीही ट्रस्टचा हवा-उजेडाचा आग्रह क्षयासारख्या श्वसनरोगांच्या बाबतीत योग्यच होता, आणि आज त्याचाच विसर पडला आहे.

कोविडच्या काळात, जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीत सुमारे 57 टक्के, तर त्याच प्रभागांतील इतर वस्तीत सुमारे 16 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. म्हणजे शहर दाट आहे एवढ्यानेच धोका ठरत नाही. एका खोलीत किती माणसे निजतात आणि एका शौचालयापुढे किती जण रांग लावतात, हे निर्णायक असते. धारावीच्या झोपडपट्टीत घरातच विलग राहणे अशक्य होते. म्हणून शाळा आणि सभागृहे विलगीकरणासाठी घेतली गेली, घरोघर तपासणी झाली, खासगी डॉक्टर सोबत आले. तिथली साथ आटोक्यात येण्यात या कामाचा मोठा वाटा होता.

झोपड्यांच्या जागी इमारती उभ्या केल्याने प्रश्न सुटतोच असे नाही. गोवंडी-मानखुर्दच्या एकमेकींना खेटलेल्या पुनर्वसन इमारतींच्या 2018 मधील अभ्यासात, ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे प्रमाण अधिक दिसले. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींच्या पुनर्विकासात 160 चौ. फुटांच्या खोलीऐवजी 500 चौ. फुटांचे घर आणि घरातच शौचालय मिळते, ही मोठी सुधारणा होय. धारावीच्या पुनर्विकासात मात्र घराच्या क्षेत्रफळाइतकेच दोन इमारतींमधील अंतर आणि पुनर्वसनाच्या घरासाठी अपात्र ठरणाऱ्या कुटुंबांची सोय हे प्रश्न महत्त्वाचे आहेत; ती कुटुंबे पुन्हा शेजारच्या वस्त्यांत कोंबली गेली, तर पुढची साथ तिथे सुरू होऊ शकेल.